जुनी शाळा पाडण्यापूर्वीं

पुणें शहराच्या बुधवार पेठेंतील भिडे वाडा ता. ४ डिसेंबर २०२३ च्या रात्रीं पाडण्यांत आला. याच वाड्यांत १८४८ सालीं जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा घातली होती. त्या दगडमातीशीं पुसेगांवच्या व्यापाऱ्यास किंवा हिंगोलीच्या वकिलास काय कर्तव्य आहे, असें कोणी विचारील, तर आमचें उत्तर असें कीं, पुण्यास जें घडलें तेंच आमच्या खेडोपाडीं घडण्यास वेळ लागणार नाहीं. पुण्याचा वाडा गेला, त्याची बातमी निदान महाराष्ट्रभर झाली. खेड्यांतील जुनी शाळा गेली तर तिची बातमीही होत नाहीं. एके दिवशीं सकाळीं यंत्र येतें, सायंकाळपर्यंत राडारोडा होतो, आणि ज्या जागीं तीन पिढ्यांनीं मुळाक्षरें गिरविलीं ती जागा कोणती, हें चौथ्या पिढीस सांगावयासही कोणी उरत नाहीं. म्हणून या विषयाचा विचार आधींच, शांतपणें व कायद्याला धरून झाला पाहिजे.

प्रथम भिडे वाड्याची हकीकत पाहूं. १८४८ सालीं जोतीरावांचें वय अवघें एकवीस वर्षांचें व सावित्रीबाईंचें सतरा वर्षांचें होतें. तात्यासाहेब भिडे यांनीं आपला वाडा शाळेसाठीं दिला. मुलींनीं शिकणें हाच ज्या काळीं अधर्म समजला जाई, त्या काळीं एका ब्राह्मण गृहस्थानें आपलें घर मोकळें करून द्यावें, माळ्याच्या कुळांतील तरुणानें तेथें शाळा घालावी, आणि त्याच्या पत्नीनें लोकांची शेणमाती अंगावर झेलीत तेथें शिकवावयास जावें, ही लहान गोष्ट नव्हे. चारच वर्षांनीं, ता. १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं, विश्रामबाग वाड्यांत सरकारतर्फें जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला. म्हणजे या शाळेचें महत्त्व त्या काळच्या सरकारास चार वर्षांत कळलें. आमच्या समाजास मात्र तें कळावयास दीड शतक लागलें. पुणें महानगरपालिकेनें तेथें राष्ट्रीय स्मारक करण्याचा ठराव केला तो २००६ सालीं. तोंपर्यंत वाड्यांत दुकानें थाटलीं होतीं, मालकी व भाडेकरूंचे हक्क यांचा गुंता झाला होता. प्रकरण न्यायालयांत गेलें व तेथें वर्षानुवर्षें चाललें. शेवटीं ता. ३ नोव्हेंबर २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें भाडेकरूंची मागणी फेटाळून जागा सोडण्यास एक महिन्याची मुदत दिली, आणि ती मुदत संपतांच महानगरपालिकेनें जागेचा ताबा घेऊन मोडकळीस आलेला तो वाडा रातोरात उतरविला.

या प्रकरणीं कोणा एकास दोषी ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं. भाडेकरूंनीं आपल्या पोटासाठीं न्याय मागितला, तो त्यांचा अधिकार होता; महानगरपालिकेचा हेतु स्मारकाचा होता, तोही स्तुत्यच आहे. पण या सर्व खटाटोपांत एका पक्षकाराचें म्हणणें कोणीच मांडलें नाहीं, आणि तो पक्षकार म्हणजे खुद्द वाडा. न्यायालयांत तारीख पुढें ढकलतां येते. पाऊस तहकुबी देत नाहीं. दावा चालू असतां प्रत्येक पावसाळ्यानें भिंतींत ओल शिरत गेली, प्रत्येक उन्हाळ्यानें लांकूड फाटत गेलें, आणि निकाल लागला तेव्हां राखण्यासारखें फारच थोडें उरलें. वाडा ४ डिसेंबरच्या रात्रीं पडला हें खरें, पण तो मेला त्याच्या कितीतरी आधीं. त्या जागीं आतां भव्य स्मारक होईल, तें व्हावेंच. परंतु ज्या उंबरठ्यावरून त्या पहिल्या मुली आंत गेल्या तो उंबरठा कोणताही शिल्पकार पुन्हां घडवूं शकणार नाहीं. वडिलांची तसबीर भिंतीवर लावणें हें पुत्राचें कर्तव्य होय. पण वडील आजारी असतां औषध न देतां मागाहून मोठी तसबीर लावणारा पुत्र शहाणा ठरत नाहीं.

आतां आमच्या प्रांताकडे वळूं. हिंगोली जिल्हा ता. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. पण त्याचा इतिहास मराठवाड्याचाच इतिहास आहे. ता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें तें उर्दू माध्यमाचें. ज्या मुलाची मातृभाषा मराठी त्यास वरचें शिक्षण परक्या भाषेंत घ्यावें लागे, आणि खेड्यांतील मुलास तर तेंही दुर्मिळ. अशा स्थितींत १९२१ सालीं धाराशिवकडील हिप्परगा या खेड्यांत राष्ट्रीय शाळा निघाली. तेथें मुख्याध्यापक म्हणून आलेले व्यंकटेश खेडगीकर यांनीं १९३२ सालीं संन्यास घेतला व ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढें अंबाजोगाईच्या शाळेंतून निघून त्यांनीं सर्व संस्थानाच्या मुक्तिलढ्याचें नेतृत्व केलें. १९३८ सालीं औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनीं वंदे मातरम् म्हणण्याचा हक्क सोडला नाहीं, म्हणून उस्मानिया विद्यापीठानें शेंकडों मुलें काढून टाकलीं, आणि नागपूर विद्यापीठानें त्यांस आश्रय दिला. मराठवाड्याचें स्वातंत्र्य आधीं शाळेच्या खोल्यांत जन्मलें व मग रणांत उतरलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

आमच्या भागांत जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळा निजामी अमदानींत बांधलेल्या इमारतींत भरत आल्या आहेत. काळ्या दगडाच्या रुंद भिंती, चुन्याच्या दरजा, सागवानी तुळया, पुढें लांब ओसरी, ही त्यांची ओळख. यांवर कांहीं देशाभिमानी मंडळींचा आक्षेप असा कीं, ही तर गुलामगिरीचीं चिन्हें. तीं राखण्याचें कारण काय? हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. इमारतीवर हुकूम निजामाचा असेल; पण पैसा आमच्या पूर्वजांनीं भरलेल्या साऱ्याचा होता, दगड आमच्या माळांवरचा होता, आणि तो घडविणारे हात आमच्याच पाथरवटांचे व गवंड्यांचे होते. ज्या राजवटीनें त्या बांधल्या ती गेली. ज्या प्रजेनें त्या बांधल्या ती प्रजा आज धनी आहे. आपलाच ऐवज परत हातीं आल्यावर तो मोडून टाकणें यास राष्ट्राभिमान म्हणावें, कीं अविचार ?

दुसरीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जुन्या शाळेची आठवण सर्वांस सारखी गोड नाहीं. त्याच भिंतींच्या आंत कोणी बसत होते, आणि कोणी ओसरीवर किंवा दाराबाहेर बसविले जात होते. मुली तर बहुधा नव्हत्याच. सातारा येथील सरकारी शाळेंत ता. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं भीमराव आंबेडकर यांचें नांव दाखल झालें. वर्गांत त्यांस वेगळें, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावें लागे. हाच दिवस २०१७ पासून महाराष्ट्रांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, आणि त्या शाळेनें तें नोंदणी पुस्तक जपून ठेविलें आहे. आम्ही म्हणतों, तें पुस्तक जपण्याचें जें कारण तेंच इमारत जपण्याचें कारण. जेथें अन्याय झाला ती ओसरी उभी असली म्हणजे अन्याय झालाच नाहीं असें म्हणण्याची कोणाची छाती होत नाहीं. ज्या ओसरीवर आजोबांस बाहेर बसविलें, त्याच खोलींत नात पहिल्या बांकावर बसून शिकते, हा सुधारणेचा केवढा मोठा पुरावा आहे ! ओसरीच पाडली तर तो पुरावा कोठें दाखविणार ?

आतां सर्वांत मोठ्या हरकतीकडे येऊं. ती मुलांच्या जिवाची आहे, आणि ती हंसण्यावारीं नेण्यासारखी नाहीं. ता. २५ जुलै २०२५ रोजीं राजस्थानांत झालावाड जिल्ह्यांतील पिपलोदी गांवीं सरकारी शाळेचें छत कोसळून सात मुलें मेलीं. ही वार्ता ऐकून ज्याच्या पोटांत कालवलें नाहीं तो मनुष्यच नव्हे. ऐतिहासिक महत्त्व कितीही थोर असो, एका मुलाच्या प्राणाशीं त्याची तुलना होऊं शकत नाहीं. जी खोली धोक्याची ठरेल तींतून मुलें त्याच दिवशीं बाहेर काढावीं. समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, व्यापाऱ्याचें रिकामें गोदाम, जेथें जागा मिळेल तेथें वर्ग भरवावा. यांत आमचें दुमत नाहीं. परंतु 'मुलें बाहेर काढा' आणि 'इमारत पाडा' हीं दोन वाक्यें एक नव्हेत. रोगी अशक्त आहे म्हणून त्यास खाटेवर निजविणें वेगळें, व त्याची तिरडी बांधणें वेगळें. आणि जुनी तेवढी धोक्याची व नवी तेवढी सुरक्षित, हा समजही भ्रामक आहे. निष्काळजीपणास इमारतीचें वय कळत नाहीं.

दगडाची जुनी इमारत पडते ती बहुधा वयानें नव्हे, पाण्यानें. पूर्वीं कडीपाटाच्या माळवदावर मिरगापूर्वीं पांढरी माती टाकीत, पन्हळी साफ करीत. कौलारू घराचीं कौलें चाळीत. हें काम दरसाल होई व त्यास खर्च थोडा येई. तें बंद पडलें कीं पाणी तुळईच्या टोंकाशीं, म्हणजे ती भिंतींत शिरते त्या ठिकाणीं, मुरतें. तेथें लांकूड कुजतें, वाळवी लागते, आणि मधली तुळई दिसावयास धडधाकट असतांही टोंकाचा आधार सुटून छत खालीं येतें. भिंतींत पक्ष्यांनीं टाकलेलें पिंपळाचें बीं रुजतें. कोंवळेपणीं तें बोटानें उपटतां येतें, दहा वर्षांनीं तेंच दगड फोडतें. यावर कळस म्हणजे चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा. चुना भिंतींतील ओल हळूहळू बाहेर सोडतो. सिमेंट ती आंतच कोंडतें. वरून भिंत गुळगुळीत व नवी दिसते, आंत दरजा पोकळ होत जातात. दुरुस्तीच्या नांवाखालीं मारलेला हा गिलावाच पुष्कळदां जुन्या भिंतीचा काळ ठरतो. या सर्व रोगांवर औषध आहे : कुजलेली तुळई बदलणें, छत पाणबंद करणें, दरजा पुन्हां चुन्यानें भरणें. भिंत शाबूत आहे कीं नाहीं हें जाणत्या अभियंत्यानें हातोडीनें ठोकून व जागोजाग उकरून पाहिल्यावांचून सांगतां येत नाहीं. रस्त्यावरून मोटारींत बसून तर मुळींच सांगतां येत नाहीं.

आमच्या पूर्वजांस ही विद्या अवगत होती. औंढा येथील नागनाथाचें देऊळ आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. खालचा कोरीव भाग प्राचीन आहे व वरचा साधा भाग पुष्कळ नंतरचा आहे, हें साध्या डोळ्यांसही दिसतें. वरचा भाग गेला म्हणून त्या काळच्या लोकांनीं खालचें कोरीव काम फोडून नवें देऊळ उठविलें नाहीं. जें शाबूत होतें तें राखलें व जें गेलें तेवढेंच नवें बांधलें. नामदेवांच्या नरसीचा हा मुलूख. येथें देवाच्या घराविषयीं अशी बुद्धि होती, तर विद्येच्या घराविषयीं ती कां नसावी?

व्यापारी मंडळी विचारतील कीं, खर्चाचें काय ? हा प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर हिशेबानेंच दिलें पाहिजे. पाडणें फुकट होत नाहीं. राडारोडा वाहून नेणें, पाया खणणें, नव्या भिंती उभारणें, या सर्वांस पैसे पडतात. जुन्या इमारतींत भिंती व पाया हा सर्वांत खर्चाचा भाग बहुधा तयार असतो. जीर्ण झालेलें असतें तें छत. म्हणून दुरुस्तीचा अंदाज व नव्या बांधकामाचा अंदाज असे दोन्ही कागद शेजारीं ठेविल्यावांचून पाडण्याचा ठराव करणें म्हणजे खतावणी न पाहतां दिवाळें जाहीर करणें होय. वर्ग कमी पडत असतील तर त्याच आवारांत नव्या खोल्या अवश्य बांधाव्या, आणि जुनीस वाचनालय, प्रयोगशाळा किंवा सभेची जागा करावी. मुंबई विद्यापीठाचें १८७४ सालीं पुरें झालेलें पदवीदान सभागृह असेंच दुरुस्त करण्यांत आलें. त्या कामास २००७ सालीं युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आणि सभागृह आजही विद्यापीठाच्याच उपयोगांत आहे.

राखण्याच्याही दोन तऱ्हा आहेत, हें येथें सांगितलें पाहिजे. राजकोट येथील ज्या शाळेंत मोहनदास गांधी शिकले व जेथून ते १८८७ सालीं मॅट्रिकची परीक्षा पास झाले, ती शाळा २०१७ सालीं बंद झाली व इमारतीचें २०१८ सालीं संग्रहालय झालें. इमारत वांचली, हें समाधान. पण घंटा थांबली. पुण्यास इमारत गेली व स्मरण उरलें. राजकोटास इमारत उरली व शाळा गेली. आम्हांस या दोहोंपेक्षां तिसरा मार्ग श्रेष्ठ वाटतो : इमारतही राहावी व तींत मुलेंही शिकावीं. शाळेचें खरें स्मारक म्हणजे चालू शाळा.

मग कायदा या कामीं काय मदत करतो ? केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा निदान शंभर वर्षें जुन्या वास्तूंपुरता आहे, व त्याचें संरक्षण सरकारनें जाहीर केलेल्या स्मारकांसच मिळतें. खेड्यांतील तीन खोल्यांच्या शाळेस राष्ट्रीय महत्त्वाचें स्मारक कोण म्हणणार? मुंबईसारख्या शहरास १९९५ पासून वारसा वास्तूंची नियमावली आहे. खेड्यास तसें छत्र नाहीं. म्हणून खेड्यानें आपलें रक्षण आपणच केलें पाहिजे, आणि त्यास साधनें अगदींच नाहींत असें नाहीं. घटनेच्या अनुच्छेद ५१ क नें आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणें हें प्रत्येक नागरिकाचें मूलभूत कर्तव्य ठरविलें आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानें सरकारी शाळेंत शाळा व्यवस्थापन समिति आवश्यक केली असून तींत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. शाळेच्या विकासाची योजना करणें हें त्या समितीचें कामच आहे. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याप्रमाणें सामान्य नागरिकासही तपासणीचा अहवाल मागतां येतो, व तो सर्वसाधारणपणें तीस दिवसांत द्यावा लागतो.

जिल्हा परिषदेच्या दफ्तरीं इमारत पाडण्याच्या परवानगीस 'निर्लेखन' म्हणतात. शब्द मोठा सोज्वळ आहे. नोंदवहींतून नांव पुसलें कीं वास्तूही पुसली जाते. तेव्हां निर्लेखनाचा कागद हलण्यापूर्वीं गांवानें चार गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, इमारत कोणत्या सालची, तींत कोण शिकलें, याची नोंद शाळेच्या जुन्या दाखल पुस्तकावरून करून घ्यावी व तें पुस्तक वाळवीपासून वांचवावें. दुसरी, भिंती व छत यांची वेगवेगळी तपासणी होऊन लेखी अहवाल ग्रामसभेंत वाचला जावा. तिसरी, दुरुस्ती व नवें बांधकाम या दोहोंचे अंदाज तुलनेसाठीं मांडले जावे. आणि चौथी, पाडण्यावांचून गत्यंतरच नाहीं असें ठरलें, तर इमारतीचें मोजमाप व छायाचित्रें घेऊन तिचा दगड, कमान, निदान नांवाची शिळा नव्या इमारतींत बसवावी. यांतील एकाही गोष्टीस वरून येणाऱ्या आज्ञेची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

पुसेगांव असो, सेनगांव असो कीं दुसरें कोणतेंही गांव असो, जेथें अशी जुनी शाळा उभी असेल तेथील व्यापाऱ्यांस, वकिलांस व शिक्षकांस आमची विनंती आहे कीं, येत्या मिरगापूर्वीं एकदां त्या शाळेच्या छतावर चढून पाहावें. पन्हळ तुंबली असेल तर ती मोकळी करावी, पिंपळाचें रोप असेल तर तें उपटावें, आणि खालीं उतरल्यावर ग्रामसभेस एक अर्ज लिहावा. भिडे वाड्यासाठीं पुण्याचे लोक फार झगडले, परंतु ते उशिरा झगडले. आम्हांस तो उशीर परवडणार नाहीं. कारण आमच्या शाळा गेल्या तर त्यांच्या जागीं स्मारक बांधावयासही कोणी येणार नाहीं.